पूल खेळून घर चालतं का?

नाशिकच्या एका मुलाने हा प्रश्न विचारला आहे. वय १९, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. कॉलेजजवळच्या पार्लरमध्ये त्याला आता कुणी हरवत नाही. जेद्दाहच्या जागतिक स्पर्धेत विजेत्याला अडीच लाख डॉलर मिळाल्याचं त्याने पाहिलं आणि त्याला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: व्यावसायिक पूल खेळाडू नेमकं किती कमावतात, आपण त्यामागे लागावं का, आणि साठ हजारांची कार्बन शाफ्टची क्यू (चेंडू मारायची काठी, पुढचा दांडा कार्बनचा) हप्त्यांवर घ्यावी का. घरचे नाही म्हणतायत, हे शेवटच्या ओळीत हळूच लिहिलंय.

तुझ्या वयाची मुलं माझ्याकडे रोज शिकायला येतात, म्हणून अरे-तुरे करतोय. राग मानू नकोस. मी राज्य पातळीपर्यंत खेळलो, बरीच वर्षं क्लबात शिकवलं आणि आता पुण्यात चार टेबलांचं पार्लर चालवतो. थेट सांगायचं तर, केवळ बक्षिसांच्या पैशावर नीट घर चालवणारे पूल खेळाडू जगात माझ्या अंदाजाने पन्नास-साठच्या वर नसतील. भारतात असा एकही माझ्या पाहण्यात नाही. टेबलावर पोट भरणारे मात्र भारतात पुष्कळ आहेत. ते कसं भरतात, हा भाग सहसा कुणी विचारत नाही. त्याकडे येतोच, आधी तुझ्या अडीच लाख डॉलरचं बघू.

२०२२ साली शेन व्हॅन बोनिंग नाइन-बॉलचा (पूलचा नऊ चेंडूंचा प्रकार) जागतिक विजेता झाला तेव्हा पहिलं बक्षीस ६०,००० डॉलरचं होतं. २०२३ मध्येही तेवढंच. २०२४ ला स्पर्धा सौदी अरेबियात जेद्दाहला गेली, एकूण रक्कम १० लाख डॉलर झाली आणि विजेत्याचा वाटा २,५०,००० डॉलरवर पोचला. डॉलर ८५ रुपयांच्या आसपास धरला तर दोन कोटी बारा लाखांच्या जवळपास. त्या वर्षी फेडोर गोर्स्टने एक्लेंट काचीला १५-१४ असं हरवलं. म्हणजे शेवटच्या रॅकपर्यंत (रॅक म्हणजे एक डाव) दोघं बरोबरीत होते आणि अशा वेळी एका ब्रेकवर (डावाचा पहिला फटका), एका सेफ्टीवर (समोरच्याला अडचणीत ठेवणारा फटका) सगळं ठरतं. २०२५ ला फिलिपिन्सच्या कार्लो बियाडोने त्याच गोर्स्टला अंतिम सामन्यात हरवून ती रक्कम नेली. बियाडो एके काळी गोल्फ कोर्सवर कॅडी होता. असले किस्से ऐकले की आपल्या पोरांचे डोळे चमकतात, त्यांचं काही चुकत नाही.

पण आकड्याची घडण बघ. मुख्य फेरीत १२८ खेळाडू आणि एकूण रकमेचा चौथा हिस्सा एकट्या विजेत्याकडे. उरलेला पैसा पुढच्या काही जणांत उतरत्या भाजणीने जातो आणि पहिल्या फेऱ्यांत गारद होणाऱ्यांचं विमानाचं तिकीटही जेमतेम सुटतं. हे दृश्य वर्षातल्या सगळ्यात श्रीमंत स्पर्धेचं. बाकीच्या बहुतेक स्पर्धांत पहिलं बक्षीस याच्या एक पंचमांशही नसतं. मोस्कोनी कप हा युरोप विरुद्ध अमेरिका असा पाच-पाच जणांचा सामना पूलमधला सगळ्यात गाजणारा. त्यात अलीकडच्या वर्षांत जिंकणाऱ्या संघातल्या प्रत्येकाला ३०,००० डॉलर आणि हरणाऱ्यांना १५,००० असं गणित राहिलं आहे. हरूनही पैसे मिळतात, तेही निवड झाल्याबरोबर पक्के. म्हणून तिकडचे खेळाडू त्या निवडीसाठी जिवाचं रान करतात. आपल्याला तो दरवाजाच नाही, कारण आशिया त्यात नाही.

आता खर्च. इथून युरोपातल्या एका स्पर्धेला जायचं तर विमान, आठवडाभराचं हॉटेल, शेंगेन व्हिसाचे ९० युरो, प्रवेश फी आणि जेवण मिळून पावणेदोन ते अडीच लाख रुपये लागतात. अमेरिकेला त्याहून जास्त. जागतिक क्रमवारीत नाव दिसायचं तर वर्षाला निदान आठ स्पर्धा हव्यात. दोन लाखांनी धरल्या तरी सोळा लाख. त्यात रोजचे चार तास टेबलभाडं, क्यूची देखभाल, देशातल्या स्पर्धा धर. वीस लाख कुठेच गेले नाहीत. म्हणजे साधारण २३-२४ हजार डॉलर बक्षिसात जिंकलास की वर्षाअखेरीस हातात शून्य. त्यातून अमेरिकेत परदेशी खेळाडूच्या बक्षिसातून ३० टक्के कर तिथल्या तिथे कापला जातो, आणि तोही एकूण रकमेवर. तुझा खर्च किती झाला हे कापणारा विचारत नाही. ब्रिटनमध्ये २० टक्के.

हा खर्च बहुतेक खेळाडू खिशातून करत नाहीत, दुसरा कुणीतरी त्यांच्यावर पैसे लावतो. फिलिपिन्समध्ये ही पद्धत मुरलेली आहे. लावणारा तिकीट आणि फी देतो, खर्च वजा जाता उरेल त्यातला निम्मा किंवा जास्त वाटा घेतो. त्यामुळे पडद्यावर दिसणारी रक्कम खेळाडूच्या खात्यात पोचेपर्यंत अर्धी-पाव झालेली असते. तिथलाच एफ्रेन रेयेससारखा जादूगारसुद्धा पैजेच्या खेळातूनच वर आला. १९८५ मध्ये तो अमेरिकेत सीझर मोरालेस या खोट्या नावाने खेळला, कारण खरं नाव कळलं असतं तर समोर पैसे लावायला कुणी उभं राहिलं नसतं. त्याचीच आणखी एक गोष्ट सांगतो, ती पूलच्या पैशाबद्दल फार काही सांगून जाते. २००६ साली रेनोला आठ-बॉलची एक जागतिक खुली स्पर्धा झाली. पहिलं बक्षीस ५,००,००० डॉलर, पूलच्या इतिहासात तोवर न ऐकलेलं. रेयेस जिंकला. मग आयोजक टूरकडे पैसेच नाहीत असं निघालं. खेळाडूंना हप्त्या-हप्त्याने रक्कम मिळत राहिली आणि ती टूर गुंडाळली गेली. हा खेळ आजही दोन-चार आयोजक आणि एखाद-दुसऱ्या यजमान देशाच्या मर्जीवर चालतो. जेद्दाहचा पैसा दहा वर्षांनी असेल की नसेल, यावर तुझी पंचविशी-तिशी बेतू नकोस.

वरच्या फळीतले खेळाडू तरतात ते इतर वाटांनी. क्यू, चॉक, कापडाच्या कंपन्यांचे करार, शर्टावरचे बिल्ले, क्लबांत प्रदर्शनी सामने, तासावर शिकवणी, स्वतःची पूल रूम. फ्लोरियन कोलर हा फ्रेंच माणूस तर स्पर्धांपेक्षा ट्रिक शॉटच्या व्हिडिओंवर जगप्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या मधल्या फळीतल्या कित्येक उत्तम खेळाडूंना दिवसा नोकरी असते आणि शनिवार-रविवारी ते गाडी काढून जवळच्या स्पर्धेला जातात. तिथे गाडीने जाता येतं, हा त्यांचा खरा फायदा. तुला आठ तासांचं विमान आहे.

यावर तू म्हणशील, मग स्नूकर? पैशाच्या बाबतीत स्नूकर पूलच्या पुढे आहे, यात वाद नाही. जागतिक विजेत्याला ५,००,००० पौंड, आणि गेल्या काही वर्षांत व्यावसायिक टूरवरच्या खेळाडूला हंगामाला २०,००० पौंडांची हमी आली. ही हमी म्हणजे बक्षिसांवरची उचल, जास्त जिंकलास की त्यातून वळती होते. पण इंग्लंडात राहून सराव करायचा तर वीस हजारात महिना-महिना मोजूनच काढावा लागतो. टूरकार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा परवाना, दोन वर्षांचं. पहिल्या ६४ मध्ये राहिला नाहीस तर बहुतेक वेळा पुन्हा पात्रता फेरीच्या रांगेत. आपला पंकज अडवाणी, जन्म पुण्याचा आणि वाढला बंगळुरूत, २०१२ ते २०१४ त्या टूरवर होता आणि परत आला. मुंबईचा आदित्य मेहता २०१३ मध्ये दिल्लीच्या इंडियन ओपनच्या अंतिम फेरीत पोचला, रँकिंग स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय. सध्या मुंबईचाच ईशप्रीत सिंग चढ्ढा तिथे लढतोय आणि २०२४ च्या इंग्लिश ओपनमध्ये उपांत्य फेरीपर्यंत गेला. तिघंही असामान्य. तिघांनीही लहानपणापासून स्नूकरच्या बारा फुटी टेबलावर दिवस काढलेत. एकोणिसाव्या वर्षी पूलवरून उडी मारून तिथे पोचलेला कुणी मी बघितलेला नाही.

चीनमध्ये हेबॉल म्हणून प्रकार आहे, तो जरूर बघ. नऊ फुटी टेबल, आठ-बॉलचे नियम, पण पॉकेट स्नूकरसारखी गोल ओठांची आणि कंजूष. त्याच्या मास्टर्स मालिकेत विजेत्याला ५० लाख युआन दिले गेले आहेत, म्हणजे पूलच्या कुठल्याही बक्षिसापेक्षा जास्त. आपल्याकडच्या स्नूकर शिकलेल्या पोरांचा हात त्या टेबलावर लवकर बसतो, हे माझं निरीक्षण आहे. मी आज अठरा वर्षांचा असतो तर अमेरिकन पूलपेक्षा तिकडे नजर ठेवली असती. तिथेही चिनी खेळाडूंची फौज समोर आहे, हे गृहीत धरून.

आता तुझ्या खेळाकडे. “पार्लरमध्ये मला कुणी हरवत नाही” हे वाक्य दर महिन्याला माझ्या काउंटरवर ऐकायला येतं. तुझ्या पार्लरमध्ये बहुधा सात फुटी टेबल असेल, मोठ्या तोंडाची पॉकेट, जाडसर कापड. पावसाळ्यात ते कापड दमट होऊन चेंडू चिखलातून चालल्यासारखा चालत असेल. मोठ्या स्पर्धांत नऊ फुटी टेबल, चार इंचाच्या आसपासची पॉकेट आणि इतकं वेगवान कापड असतं की तुझी पोझिशन, म्हणजे पुढच्या फटक्यासाठी क्यू बॉल (पांढरा चेंडू) थांबवायची जागा, पहिले दोन दिवस हातभर पुढे जाईल. पॉट करायला, म्हणजे चेंडू पॉकेटात घालायला येणं ही निव्वळ फी भरण्याची पात्रता झाली. ब्रेकवर क्यू बॉल टेबलाच्या मधोमध थांबवणं, सेफ्टीतून समोरच्याला बांधणं, किकने (क्यू बॉल आधी कुशनवर मारून) सुटणं, यावर सामने जातात.

स्वतःला मोजायचं असेल तर घोस्टशी, म्हणजे कधीच न चुकणाऱ्या काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी खेळ. नऊ फुटी टेबल शोध, नाशिकला नसेल तर पुण्या-मुंबईला ये. ब्रेक कर, मग क्यू बॉल हवा तिथे ठेव आणि एक ते नऊ क्रमाने साफ कर. एकही चुकला तर रॅक घोस्टचा. सातपर्यंतची शर्यत, आधी सात रॅक घेईल तो जिंकला. वरच्या दर्जाचा खेळाडू घोस्टला नेमाने हरवतो. माझ्या पार्लरमधले “अजिंक्य” मुलगे पहिल्यांदा खेळतात तेव्हा ७-१, ७-० असे हरतात आणि मग गप्प बसून चहा घेतात.

दुसरं माप फार्गो रेटिंगचं, म्हणजे खेळाडूच्या ताकदीला दिलेल्या गुणांचं. त्यात १०० गुणांचा फरक म्हणजे वरचा खेळाडू सरासरी तीनपैकी दोन रॅक जिंकतो. हे ऐकायला फार वाटत नाही. पण नऊपर्यंतच्या शर्यतीत तोच फरक इतका फुगतो की खालचा खेळाडू शंभर सामन्यांत सात-आठच जिंकतो. जगातले आघाडीचे खेळाडू ८०० च्या वर आहेत. तू ६०० चा असशील, आणि ते पार्लरच्या मानाने फार चांगलं आहे, तर त्यांच्याशी पाचात एक रॅक घेशील. सामन्याचं बोलायलाच नको.

भारतात टेबलावर पोट भरतं ते नोकरीतून. अडवाणी ओएनजीसीत आहे. पेट्रोलियम कंपन्या आणि रेल्वे यांनी आपल्या बिलियर्ड्स-स्नूकरची अर्धी पिढी पोसली. रेल्वेत खेळाडू कोट्यातून लेव्हल २ ला लागलास तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ पगार १९,९००, लेव्हल ५ ला २९,२००, वर महागाई भत्ता आणि बाकीचं. दर महिन्याला. दुखापत झाली तरी. विजेत्याच्या चेकपुढे हा आकडा फिका दिसतो, पण राष्ट्रीय दर्जाच्या खेळाडूला तो शांतपणे दहा वर्षं खेळू देतो. दोन अडचणी आहेत. नोकरी देणारे बिलियर्ड्स आणि स्नूकरचं पदक आधी बघतात, पूलचं नंतर. राष्ट्रीय स्पर्धेत आठ, नऊ आणि दहा-बॉलचे गट असूनही हे असंच चालतं. आणि १९९८ ते २०१० या काळात क्यू स्पोर्ट्स आशियाई खेळांत होते, बँकॉकला आपल्या अशोक शांडिल्यने सुवर्ण आणलं, तेव्हा कंपन्यांना पदकाची आशा असायची. २०१० च्या ग्वांगझूनंतर खेळ त्या यादीतून गेला आणि भरतीचा ओघ आटला. दर वर्षी जाहिरातीत कुठले खेळ आहेत ते डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. राज्य सरकारच्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाचंही तसंच, खेळ आणि स्पर्धा दोन्ही त्यांच्या नियमांत बसतायत का ते आधी तपास, प्रमाणपत्रं नंतर गोळा कर.

दुसरी वाट शिकवण्याची. क्लबांचे जुने मार्कर आठवतात का तुझ्या वडिलांना, विचार. गुण लिहायचे, चेंडू मांडायचे, आणि साहेबांशी खेळून खेळून स्वतः अव्वल व्हायचे. त्यांच्यातल्या कित्येकांनी पुढे चांगले खेळाडू घडवले. आता पुण्या-मुंबईतल्या नव्या गृहसंकुलांच्या क्लबहाउसमध्ये टेबलं असतात आणि शिकवणारा कुणी नसतो. नीट शिकवता येणारा, वेळेवर येणारा माणूस तासाला पाचशे ते दीड-दोन हजार घेतो. क्लबांच्या खुल्या स्पर्धांची बक्षिसं, मुंबईत एनएससीआय, सीसीआय, पुण्यात पीवायसी, पूना क्लब, ही हजारांपासून काही लाखांपर्यंत जातात आणि त्यात स्नूकरच जास्त. ते वरकड समज, पगार समजू नकोस.

तिसरी वाट सांगतो ती ऐकून तू हसशील: टेबल फिटर. तीन पाट्यांची स्लेट जोडायची, सांधे मेणाने बुजवायचे, पातळी साधायची, कापड ताणून चढवायचं, कुशनचं रबर बदलायचं, क्यूची टिप बसवायची. हे हातचं काम येणारी माणसं महाराष्ट्रात इतकी कमी आहेत की चांगल्या फिटरला पुण्याहून कोल्हापूर, गोवा, नागपूर अशी बोलावणी येतात. माझ्या ओळखीतला एक फिटर त्याच वयाच्या कुठल्याही राज्य विजेत्यापेक्षा जास्त कमावतो. तू इंजिनिअरिंगला आहेस, लेव्हल म्हणजे काय ते तुला शिकवावं लागणार नाही.

पार्लर काढण्याचं स्वप्नही सगळ्यांना पडतं. तासाला दीडशे ते चारशे भाडं, संध्याकाळी रांग, असं दिसतं ते. दुपारी बारा ते पाच टेबलं रिकामी असतात आणि जागेचं भाडं त्या वेळातही चढत असतं. जागा स्वतःची असेल तर विचार कर, नाहीतर नको.

पैजेचं मात्र आत्ताच मनातून काढ. हरणाऱ्याने टेबलाचे पैसे द्यायचे, इथवर ठीक. त्यापुढे फ्रेमला पाचशे, हजार सुरू झाले की मुलगा आपल्यापेक्षा कच्च्याशीच खेळायला बघतो आणि त्याचा खेळ तिथेच थिजतो. रेयेसची गोष्ट त्याला पाठ असते, पण रेयेससमोर रेयेसच्या तोडीचे लोक पैसे लावायचे, हे तो सोयीने विसरतो.

तर मागे लागावं का? डिग्री सोडून नाही. घरच्यांचं याबाबतीत बरोबर आहे आणि त्यांना तसं सांगून टाक, पुढची बोलणी सोपी होतील. डिग्री चालू ठेवून दोन वर्षं दे. आठवड्याला पाच दिवस, रोज दोन तास, त्यातला निम्मा वेळ एकट्याने ड्रिल. जिल्हा आणि राज्य निवड स्पर्धा खेळ, स्नूकरचंही टेबल धर. दोन वर्षांनी नऊ-बॉलचा घोस्ट दहातून निदान सहा शर्यती तुझ्याकडून हरत असेल आणि राज्याच्या संघात तुझं नाव असेल, तर एका परदेशी स्पर्धेचा खर्च घरी मागायला तुला तोंड राहील. फिलिपिन्स किंवा बँकॉक निवड, स्वस्त पडतं आणि मार खायला उत्तम जागा. तेवढं जमलं नाही तर शिकवणं आणि स्थानिक स्पर्धा आहेतच, रविवारी माझ्याकडे येणारे अर्धे लोक अशीच चांगल्या नोकरीतली माणसं आहेत आणि त्यांच्यातले दोघे-तिघे भल्याभल्यांना घाम फोडतात.

क्यू हप्त्यांवर घेऊ नकोस. कार्बन शाफ्टने चेंडूचं विचलन कमी होतं हे खरं, पण तुझा स्ट्रोक सरळ जातो की नाही हे त्याने कळत नाही. आठ-दहा हजारांत सरळ, चांगल्या जोडाची लाकडी क्यू मिळते. टेबलावर लोळवून वाकडी नाही ना ते बघ, मध्यम कडकपणाची टिप लावून घे, आणि उरलेल्या पन्नास हजारांत नऊ फुटी टेबलाचे तास विकत घे. दोनशेच्या दराने अडीचशे तास होतात.